पासंग आणि चाळण: मेटल डिटेक्टरवरची दोन बटणं, जी नवखा एकच समजतो

नवा मेटल डिटेक्टर घेतलेल्या प्रत्येकाची पहिल्या दिवशी एकच तक्रार असते: "हे सारखं वाजतंय." मग तो पटलावर हाताला येईल ते दाबत जातो आणि यंत्र गप्प झालं की निःश्वास सोडतो. घोळ इथेच सुरू होतो. यंत्र गप्प करायच्या दोन वाटा आहेत, ग्राउंड बॅलन्स आणि डिस्क्रिमिनेशन. दोन्हींनी आवाज थांबतो, म्हणून दोन्ही सारख्याच वाटतात. पण एकीने जमीन गप्प होते आणि दुसरीने धातू. चुकीची वाट धरली, तर जे शोधायला निघालो तेच गप्प होऊन पायाखाली राहतं.

मी गेली काही वर्षं इंग्लंडमध्ये सफोक परगण्यात राहते आणि सुट्टीच्या दिवशी शेतमालकाची परवानगी घेऊन नांगरलेल्या शेतातून हे यंत्र फिरवते. कुणी नव्याने विचारायला आलं की मी या दोन बटणांना मराठी नावं देते: पासंग आणि चाळण. जुन्या तराजूची रिकामी पारडी सारखी नसतील, तर दुकानदार हलक्या बाजूला एखादा खडा बांधून काटा मध्यावर आणतो. तो पासंग. तो बसवल्याशिवाय पुढचं एकही वजन खरं नसतं. ग्राउंड बॅलन्स म्हणजे नेमकं हेच. डिस्क्रिमिनेशन ही चाळण. काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे तिची भोकं ठरवतात.

आता यंत्र जमिनीशी काय बोलतं ते बघू. यंत्राच्या खालच्या टोकाशी असलेल्या कॉइलमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, चुंबकीय क्षेत्र बाहेर पडतं आणि ते सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होतं. बारा किलोहर्ट्झचं यंत्र असेल तर बारा हजार वेळा, हीच त्याची फ्रिक्वेन्सी. या क्षेत्राच्या टप्प्यात नाणं आलं की नाण्यात विजेचे छोटे भोवरे फिरू लागतात आणि त्यांचं स्वतःचं क्षेत्र कॉइलकडे परत येतं, पण जरा उशिराने. जाड चांदीचा उशीर मोठा, सिगारेटच्या पाकिटातल्या पातळ चंदेरी कागदाचा अगदी छोटा. बाजारात मडकं घेताना आपण टिचकी मारून नादावरून ठरवतो ना, तसं यंत्र या उशिरावरून धातू ओळखतं. पडद्यावर दिसणारा आकडा, म्हणजे टार्गेट आयडी, याच उशिराचं माप आहे.

पण उत्तर एकट्या नाण्याकडून येत नाही. मातीतही लोहखनिजाचे बारीक कण असतात, मॅग्नेटाइट आणि त्याची भावंडं. हे कण जवळजवळ उशीर न करता उत्तर देतात, आणि कॉइलखाली नाणं एक असलं तरी माती घमेलंभर असते. म्हणून मातीचा आवाज नाण्याच्या कितीतरी पट मोठा निघतो. यंत्र हा उशीर कोनात मोजतं, आणि एका जागच्या मातीचं उत्तर साधारण एका ठराविक कोनातून येतं. ग्राउंड बॅलन्स करताना आपण यंत्राला तो कोन दाखवतो आणि सांगतो, या दिशेने येणारं उत्तर शून्य धर. धातूबद्दल त्यात एक अक्षरही नसतं.

डिस्क्रिमिनेशनमध्ये मातीबद्दल काही नसतं. अमुक आकड्याच्या खालचा धातू आला तर वाजू नकोस, एवढाच तो हुकूम.

हे मला नीट उमगलं ते सफोकच्या सौम्य मातीत नाही, तर राजापूर तालुक्यातल्या माहेरच्या परसात. मे महिना होता. काकू फणस चिरायला बसली होती. चीक लागू नये म्हणून हाताला खोबरेल चोपडलेलं, आणि त्या तेलातून तिचं सोन्याचं वेढणं कधी निसटलं ते कळलंच नाही. सालं गोळा करून झाली, परस झाडून झालं, तरी वेढणं मिळेना. चुलतभावाने, म्हणजे दादाने, बागेत गाडली गेलेली पाइपलाइनची लोखंडी झाकणं शोधायला एक साधा डिटेक्टर घेतलेला होता. तो बाहेर काढला तर पहिल्या पावलापासून कल्लोळ. काकू म्हणाली, "अगो, हे तर दगडावर पण वाजतंय." खरंच वाजत होतं. परसाची पायरी जांभ्याच्या चिऱ्याची आणि माती त्याच जांभ्याची, लोहाच्या ऑक्साइडांनी लाल झालेली.

दादाने नेहमीचा उपाय केला. डिस्क्रिमिनेशन चढवत नेलं आणि पडद्यावरचे डावीकडचे, कमी आकड्यांचे चार रकाने बंद केल्यावर यंत्र शांत झालं. मग त्या शांततेत त्याने अर्धा तास परस पालथं घातलं. काही मिळालं नाही आणि मिळणारही नव्हतं. छोट्या सोन्याच्या अंगठीचा आकडा चंदेरी कागद आणि कॅनच्या कडीच्या मधे कुठेतरी पडतो, आणि नेमके तेच रकाने त्याने बंद केले होते.

आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. डिस्क्रिमिनेशन शून्यावर आणलं. धातूचा तुकडा नसलेली दोन वितींची जागा शोधली, बॅलन्सचं बटण दाबून धरलं आणि कॉइल जमिनीला समांतर ठेवून वर-खाली केली, वितीभर वर आणि पार दोन बोटांवर खाली. सात-आठ वेळा हे केल्यावर प्रत्येक खाली येण्याबरोबरचा घर्र आवाज बारीक होत होत विरला. पडद्यावर बॅलन्सचा ८६ आकडा थांबला. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्राच्या कानाची तीक्ष्णता, दोन घरं उतरवली. त्यानंतर तीच कॉइल जांभ्याच्या पायरीवरून नेली, तर यंत्र जवळपास मुकं.

आता जे वाजेल ते धातूच. पहिल्यांदा गोळ्यांच्या पाकिटाची चांदी निघाली, मग सोडा-बाटलीचं बूच, मग पुन्हा चांदी. चौथ्यांदा फणसाच्या मुळाशी मऊसा, दोन्ही बाजूंनी सारखाच येणारा सूर ऐकू आला. आकडा गोळ्यांच्या चांदीपेक्षा दोनच घरं वर. खुरप्याने पाला बाजूला केला, बोटभर माती उकरली, आणि वेढणं निघालं, तेलाने माती चिकटून लालभडक झालेलं.

त्या परसातली एक गोष्ट सहज निसटते. आम्ही सेन्सिटिव्हिटीही उतरवली होती, ती का? कारण मातीचं उत्तर कोणत्या दिशेने येतं हे एक आणि ते किती जोराने येतं हे दुसरं. पासंग दिशेवर चालतो. जोर फारच असला तर यंत्राचा कान त्या भाराखाली दबतो, आणि तिथे आवाज कमी करून ऐकणं हाच इलाज. पुष्कळांना वाटतं, सेन्सिटिव्हिटी जितकी जास्त तितकं खोल. काळ्या बेसॉल्टच्या किंवा जांभ्याच्या जमिनीत बहुतेक वेळा उलटं घडतं.

पार्श्वभूमीचा धातू माणसाला कसा फसवतो याचं सगळ्यात दुःखद उदाहरण १८८१ मधलं आहे. अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांना २ जुलैला गोळी लागली. शरीरात ती कुठे आहे हे शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी विद्युत तराजूसारखं एक यंत्र बनवलं आणि अध्यक्षांच्या बिछान्याशी नेलं. इतरत्र तपासताना ते नीट चालत होतं, तिथे मात्र कानात गोंधळात टाकणारा आवाज येत राहिला. गादीखाली पोलादी तारांची दुसरी गादी होती. गोळी सापडली नाही आणि १९ सप्टेंबरला गारफील्ड गेले. भोवतालचा आवाज वजा करायची वाट बेलना तिथे सापडली नाही. मातीपुरती ती आपल्या यंत्रात आहे, तर वापरायला हवी.

चाळणीबद्दल माझं मत कडक आहे: नवख्याने पहिले पन्नास तास तिला जवळजवळ हात लावू नये. कारणं दोन. पहिलं वर आलंच आहे, सोनं आणि कचरा एकाच रकान्यात राहतात. दुसरं जास्त फसवं आहे. खिळ्याशेजारी नाणं असेल आणि तुम्ही लोखंड गाळायला सांगितलं असेल, तर खिळ्यावर गप्प राहिलेलं यंत्र सावरेपर्यंत कॉइल नाण्यावरून पुढे गेलेली असते. खिळ्याबरोबर नाणंही चाळणीत अडकतं. जुन्या वस्तीच्या जागी खिळेच खिळे असतात आणि जुनी नाणीही तिथेच. म्हणून लोखंडाला मुकं करण्याऐवजी त्याला खालचा, घोगरा सूर द्या. ही सोय आता साध्या यंत्रांतही मिळते. खिळा वाजू दे, आपला कान त्याला गाळायला शिकतो.

पासंग चुकला तर चाळणही चुकते. मातीचा आवाज नीट वजा झाला नसेल, तर खोलवरच्या नाण्याचं क्षीण उत्तर त्यात मिसळतं, आकडा लोखंडाकडे ओढला जातो आणि चाळण त्याला कचरा समजून फेकते. म्हणून क्रम कायम ठेवा: आधी पासंग, मग सेन्सिटिव्हिटी, चाळण सगळ्यात शेवटी आणि कमीत कमी.

विकत घेताना याचा थेट उपयोग होतो. खोक्यावर चाळणीची जाहिरात मोठी असते, पासंगाबद्दल क्वचित ओळ असते. गॅरेटच्या एस ३०० सारख्या यंत्रात ग्राउंड बॅलन्स कारखान्यातच ठरवून दिलेला असतो, बदलता येत नाही. सफोकच्या शेतात किंवा बागेतल्या भुसभुशीत मातीत त्याने काही बिघडत नाही. मिनेलॅबच्या व्हँक्विश मालिकेत तो यंत्र आपणच सांभाळतं आणि एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरतं. नोक्ताच्या सिम्प्लेक्समध्ये कॉइल वर-खाली करून तो आपल्याला बसवता येतो. माझा सल्ला विचाराल, तर लाल किंवा काळ्या मातीत फिरवायचं असल्यास हाताने बॅलन्स होणारंच यंत्र घ्या, मग बाकी चार सोयी कमी असल्या तरी चालतील.

समुद्रकाठचं प्रकरण वेगळं आहे. ओली खारी वाळू स्वतःच वीज वाहते आणि तिचं उत्तर चंदेरी कागदाच्या बाजूला पडतं. एकाच फ्रिक्वेन्सीच्या यंत्रात तिच्यासाठी पासंग बसवला, की बारीक सोनंही त्यासोबत वजा होऊ शकतं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइट या लोहयुक्त खनिजाची काळी वाळूही आहे, म्हणजे मीठ एका दिशेने ओढणार आणि खनिज दुसऱ्या. अशा ठिकाणी अनेक फ्रिक्वेन्सींचं यंत्रच कामाचं.

यंत्र हातात आलं की गडावर धावू नका, हे मी कळकळीने सांगते. आपल्याकडे १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. संरक्षित स्मारकाच्या जागी परवानगीविना खणणं हा १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. इंग्लंडमध्ये हा छंद मोकळा असला, तरी नोंदलेल्या स्मारकावर परवान्याशिवाय यंत्र नेता येत नाही, आणि कायद्याच्या व्याख्येत बसणारा ठेवा चौदा दिवसांत कॉरोनर या स्थानिक न्यायाधिकाऱ्याला कळवावा लागतो. सफोकमधल्याच हॉक्सन गावी नोव्हेंबर १९९२ मध्ये एरिक लॉज शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होते, तेव्हा त्यांना रोमन काळातला सोन्या-चांदीचा प्रचंड साठा लागला. थोडं काढल्यावर ते थांबले आणि त्यांनी कळवलं. त्यामुळे पुरातत्त्वज्ञांना पेटीत काय कुठे, कशावर रचलं होतं तेही वाचता आलं. गडावरून उपटून आणलेली शिवराई कुठल्या थरात, कशाशेजारी होती हे कुणालाच कळत नाही, आणि तिच्यासोबत गडाच्या इतिहासाचा एक तुकडा कायमचा जातो.

सराव घरीच करा. खिळे नसलेल्या लाकडी पाटावर एकेक वस्तू ठेवून कॉइल तिच्यावरून फिरवा: अंगठी, चंदेरी कागदाची गोळी, कॅनची कडी, खिळा, आजचा एक रुपया आणि आजीच्या डब्यात असल्यास पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया. तो जुना रुपया सुमारे ९२ टक्के चांदीचा, घणघणीत वरच्या सुरात बोलेल. आजचा रुपया स्टेनलेस स्टीलचा आहे, चुंबकाला चिकटतो, आणि माझ्या यंत्रावर कधी खिळ्यासारखा घोगरा, तर कधी भलताच उंच येतो. प्रत्येकाचा आकडा वहीत लिहा. मग चांदीच्या रुपयाशेजारी दोन बोटांवर खिळा ठेवा आणि लोखंडाची चाळण लावून व काढून, दोन्ही वेळा कॉइल सावकाश फिरवा. खिळ्याच्या बाजूने आलात तर काय ऐकू येतं आणि रुपयाच्या बाजूने आलात तर काय, तेही वहीत टिपा.

शेतात उतरल्यावर माती बदलली की पासंगही बदलतो. नांगरलेल्या सरीतून बांधावर आलात, ओल्यातून कोरड्यात गेलात, किंवा यंत्र उगाच कुरकुरायला लागलं, की थांबा, धातू नसलेली जागा शोधा, बटण दाबा आणि कॉइल पुन्हा सात-आठ वेळा वर-खाली करा.