तेराव्यानंतर काय? आमच्या बुधवारच्या गटाविषयी

जोडीदार गेल्यावर पहिले तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. शेजारून डबे येतात, भावंडं मुक्कामाला असतात. मग सगळे आपापल्या घरी जातात आणि संध्याकाळी सातला दार उघडणारं कोणी उरत नाही. आमच्याकडे माणसं येतात ती यानंतर. कोणी दोन महिन्यांनी, कोणी दोन वर्षांनी. काही दिवस समुपदेशन घेतल्यावर आम्ही गटात बसायला सुचवतो, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला: "म्हणजे चारचौघांत रडायचं?" त्यासाठी हे पत्रक.

गटात सहा ते आठ जण असतात, सगळ्यांनी पती किंवा पत्नी गमावलेली. सोबत एक समुपदेशक. दर बुधवारी दीड तास, असे बारा आठवडे. बोलायची सक्ती नाही. सुरुवातीला नुसतं ऐकणारेही बरेच असतात आणि त्यांचं येणं वाया जात नाही.

कारण बरं वाटायला सुरुवात बहुधा ऐकण्यातूनच होते. कोणी सांगतं, तिचा मोबाइल मी अजून रिचार्ज करतो. कोणी म्हणतं, ह्यांचा शेवटचा शर्ट धुवायला हात होत नाही. आणि कोपऱ्यात गप्प बसलेल्या माणसाला कळतं की आपल्याला वेड लागलेलं नाही. हे डॉक्टरने सांगून जेवढं पटत नाही, तेवढं शेजारच्या खुर्चीवरून पटतं. संक्रांत जवळ आली की हळदीकुंकवाचं न आलेलं बोलावणं हमखास निघतं. ही जखम मृत्यूने केलेली नाही, माणसांनी केलेली आहे, असं आम्हाला ठामपणे वाटतं. ती बोलून दाखवायला बायकांना दुसरी जागा क्वचितच मिळते.

हळूहळू देणं-घेणं सुरू होतं. बँकेतलं वारसाचं काम एकटीने उरकलेली बाई दुसरीला कागद समजावते. साठीपर्यंत गॅस न पेटवलेला गृहस्थ वरण-भात शिकून येतो आणि सगळ्यांना सांगतो. आपला कोणाला तरी उपयोग होतो, ही जाणीव दुःखात फार मोलाची असते.

ही पद्धत जुनी आहे. १९०५ साली बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ प्रॅट यांनी सॅनेटोरियम न परवडणाऱ्या क्षयरोग्यांना आठवड्यातून एकदा एकत्र बसवायला सुरुवात केली. हेतू होता विश्रांती, आहार आणि स्वच्छतेचे नियम शिकवण्याचा. पण रोग्यांना एकमेकांमुळे उभारी येते, हे त्यांच्या ध्यानात आलं. गटोपचाराचा इतिहास बहुधा तिथूनच सांगितला जातो.

आता गुप्ततेचं. आपल्या शहरात दोन वाक्यांत ओळख निघते. म्हणून नातेवाईक किंवा एकाच ऑफिसातले दोघे एका गटात येणार नाहीत, हे आम्ही आधीच पाहतो. इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, असा शब्द प्रत्येकजण पहिल्या दिवशी देतो. समुपदेशकावर तर ते बंधनच आहे. इतरांची शंभर टक्के हमी मात्र आम्ही देऊ शकत नाही, आणि देतो असं सांगणं खोटं ठरेल.

एक नियम अनेकांना खटकतो: बारा आठवडे संपेपर्यंत बाहेर वेगळं भेटायचं नाही, आणि भेट झालीच तर पुढच्या बुधवारी गटात सांगायचं. दोघांनी चहाच्या टपरीवर मन मोकळं केलं की तेच गटात बोलायचं राहून जातं आणि बाकीचे परके होतात. बारा आठवड्यांनंतर खुशाल भेटा. वर्षश्राद्धाला एकमेकांच्या घरी जाणारी माणसं या गटांतूनच जोडली गेली आहेत.

जीव द्यावासा वाटत असेल, दारू सुटत नसेल, किंवा सहा महिने उलटूनही रोजचं जगणं ठप्प असेल, तर आधी एकट्याने भेटा, गट त्यानंतर. रात्री-अपरात्री असह्य झालं तर 'टेली-मानस'च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही.

गटाआधीच्या ओळखभेटीला फी नाही. सोबत मुलाला किंवा बहिणीला आणलंत तरी चालेल. त्यांना बाहेरच्या खोलीत बसता येईल.