कॅरॅव्हॅन प्रवासातील हँडहेल्ड रेडिओ

मोटारीमागे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचे घर, जोडून लांबचा प्रवास करणारे लोक आपसात आणि रस्त्यावरच्या इतर चालकांशी बोलण्यासाठी जो हातात मावणारा दुतर्फी रेडिओ वापरतात, त्याविषयीची ही नोंद. आपल्याकडे त्याला वॉकीटॉकी म्हणतात. त्याचा सर्वांत रुळलेला वापर ऑस्ट्रेलियात आहे. तिथे हे संच ‘यूएचएफ सीबी’ (अल्ट्रा हाय फ्रिक्वेन्सी सिटिझन बँड) या सर्वांना खुल्या असलेल्या रेडिओसेवेवर चालतात.

ऑस्ट्रेलियात ही गरज भूगोलातून आली. किनाऱ्यालगतची शहरे सोडली की शेकडो किलोमीटर मोबाइलची रेंज नसते. नलारबर मैदानातून जाणाऱ्या एअर महामार्गावर बॅलाडोनिया ते कैगुना हा १४६.६ किलोमीटरचा पट्टा एकही वळण न घेता जातो. अशा रस्त्यांवर सोबतीला असतात ‘रोड ट्रेन’, म्हणजे पुढच्या एका ट्रकमागे दोन-तीन ट्रेलर जोडलेले, ५३.५ मीटरपर्यंत लांबीचे ट्रक. दक्षिणेतली थंडी चुकवायला हजारो निवृत्त जोडपी हिवाळाभर कॅरॅव्हॅन घेऊन उत्तरेकडे निघतात. त्यांना तिथे ‘ग्रे नोमॅड’ असे नाव आहे. ताशी नव्वदच्या आसपास चालणारी ही मंडळी आणि वेळेशी बांधलेले ट्रकचालक यांना एकाच दुपदरी रस्त्यावर एकमेकांना सांभाळून घ्यावे लागते. ते काम रेडिओ करतो.

ऑस्ट्रेलियात सीबी रेडिओ १९७७ मध्ये कायदेशीर झाला. सुरुवातीला २७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर गर्दी होती, पण त्याच वेळी खुला झालेला ४७७ मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा यूएचएफ पट्टा स्वच्छ आवाजामुळे पुढे सरसावला. आधी त्यात ४० चॅनेल होते. २०११ मध्ये चॅनेलमधले अंतर २५ किलोहर्ट्‌झवरून १२.५ किलोहर्ट्‌झवर आणून ते ८० केले गेले. जुने संच बाद झाले नाहीत, त्यामुळे एक खोड अजून जाणवते: जुन्या संचावरून बोलणाऱ्याचा आवाज नव्या संचावर मोठा आणि फाटका येतो, तर नव्याचा जुन्यावर दबका. संच बिघडला असे वाटून दुरुस्तीला नेण्याआधी समोरचा संच किती चॅनेलचा आहे ते विचारून घ्यावे. ही सेवा सामायिक परवान्याखाली येते, त्यामुळे वैयक्तिक परवाना किंवा परीक्षा लागत नाही. मात्र संच त्या सेवेसाठी प्रमाणित आणि जास्तीत जास्त ५ वॅटचा असावा लागतो.

कोणत्या चॅनेलवर काय बोलायचे याचे काही संकेत कायद्याने, तर काही रिवाजाने ठरले आहेत. ४० हा महामार्गाचा आणि ट्रकवाल्यांचा चॅनेल. १८ कॅरॅव्हॅनवाल्यांचा. १० वर फोर-व्हील ड्राइव्हवाले असतात. सिम्पसन वाळवंटात वाळूच्या टेकाडावर चढण्याआधी समोरच्याला सावध करायला हाच वापरतात. ११ वर हाक मारायची आणि बोलायला दुसरीकडे जायचे. ५ आणि ३५ आणीबाणीसाठी राखीव आहेत, तिथे गप्पा मारणे गुन्हा आहे. २२ आणि २३ वर फक्त यंत्रांचा डेटा जातो, माणसाने बोलायचे नाही.

खरी अडचण १८ आणि ४० च्या मधे आहे. कॅरॅव्हॅनवाले १८ वर एकमेकांशी बोलत राहतात आणि मागून आलेला ट्रकवाला ४० वर त्यांना हाका मारत राहतो. ४० वरची भाषा कधीकधी शिवराळ असते, गाडीत लहान मुले असली की आईवडील तो चॅनेल बंद करतात, आणि हे समजण्यासारखे आहे. तरीही महामार्गावर ४० ऐकलाच पाहिजे. आवाज कमी करता येतो, मुलांना हेडफोन देता येतो. मागच्या ट्रकला मात्र दुसरा मार्ग नसतो. बहुतेक संचांत दोन चॅनेल आलटून पालटून ऐकण्याची सोय असते, ती याचसाठी वापरावी. कॅरॅव्हॅनच्या मागच्या भिंतीवर ठळक अक्षरांत ‘यूएचएफ ४०’ लिहिलेले असते. ते पाहून ट्रकवाला हाक मारतो, आणि आत कोणी ऐकत नसेल तर त्या पाटीचा काही उपयोग नाही.

ओव्हरटेकच्या वेळी ही देवघेव कशी चालते ते पाहण्यासारखे आहे. आरशात रोड ट्रेन दिसली की कॅरॅव्हॅनवाला ४० वर आपली ओळख सांगतो: पांढरी कॅरॅव्हॅन, तुमच्या पुढे, मी ऐकतोय. ट्रकवाला सांगतो की पुढच्या सरळ पट्ट्यावर निघतो, वेग आहे तोच ठेवा. इथे नवखा चालक सौजन्य म्हणून आधीच वेग कमी करतो आणि घोळ होतो. ट्रकने ओव्हरटेकसाठी वेग गोळा केलेला असतो. पुढची गाडी अचानक मंदावली की त्याला ब्रेक लावावा लागतो आणि सगळा जोर वाया जातो. म्हणून वेग तसाच ठेवायचा, ट्रक पूर्ण बाजूच्या पदरात आला की मगच अॅक्सिलरेटरवरून पाय उचलायचा. ट्रकच्या पुढे दाबलेली हवा कॅरॅव्हॅनला आधी बाहेर ढकलते, मग आत ओढते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलेले बरे. शेवटचा ट्रेलर पुढे गेला की ‘झालं, आत या’ एवढे सांगायचे. केबिनमधून त्याला आपले शेपूट नीट दिसत नसते, त्यामुळे या दोन-तीन शब्दांचे मोल त्याला ठाऊक असते. समोरचा रस्ता मोकळा आहे की नाही याची माहिती द्यावी, पण ‘या आता’ असा निर्णय दुसऱ्याच्या वतीने घेऊ नये. ट्रक कोणाचा, वजन किती, चढ किती हे त्याला माहीत असते.

मोठी यंत्रे वाहणाऱ्या रुंद ट्रकच्या पुढे इशारा देणारी पायलट गाडी चालते. तीही ४० वर सांगते की पाच मीटर रुंद माल येतोय, कडेला घ्या. ज्याच्याकडे रेडिओ नाही त्याला हे वळणावर कळते.

आता मुख्य मुद्दा. ही सगळी कामे करायला हँडहेल्ड संच पुरतो का? अर्धवट. यूएचएफ लहरी साधारण सरळ रेषेत जातात. टेकडी, झाडी, धातू आडवे आले की अडतात. अर्धा किंवा एक वॅटचा खेळण्यातला वाटणारा संच उघड्यावर दोनेक किलोमीटर जातो. ५ वॅटचा हँडहेल्ड जास्त जातो, पण गाडीच्या पत्र्याच्या डब्यात बसून बोलले की त्याची आखूड अँटेना बराच पल्ला गमावते. त्याच ५ वॅटला बाहेर, बंपरवरच्या लांब अँटेनाची जोड मिळाली की सपाट मैदानावर दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत बोलणे होते. म्हणून गाडीत पक्का बसवलेला संच हाच मुख्य असावा. तिथेही एक मेख आहे: बंपरवरच्या अँटेनाच्या मागे अॅल्युमिनियमने मढवलेली उंच कॅरॅव्हॅन उभी असते, आणि मागे येणाऱ्यांशी बोलताना तीच आड येते. ताफ्यात शेवटच्या गाडीला पुढचे नीट ऐकू येत नाही ते बहुधा यामुळे.

हँडहेल्डची खरी जागा गाडीबाहेर आहे. मुक्कामाच्या मैदानावर सात-आठ मीटरची कॅरॅव्हॅन दोन झाडांमधे मागे घालायची असते, एक जण स्टिअरिंगवर, दुसरा मागे उभा. इंजिनच्या आवाजात ओरडून, हातवारे करून नवराबायकोची जी जुंपते ती कॅरॅव्हॅन पार्कांत जगप्रसिद्ध आहे. दोन छोटे संच तो प्रश्न सोडवतात, पण शब्द आधी ठरलेले हवेत. डावे-उजवे म्हणू नये. मागे तोंड करून उभ्या असलेल्याचे डावे वेगळे असते. ‘ड्रायव्हरची बाजू’, ‘पॅसेंजरची बाजू’ असे म्हणावे. आणि एक नियम पक्का: आवाज बंद झाला की गाडी थांबलीच पाहिजे. बटण सुटले, बॅटरी संपली, माणूस अडखळला, कारण काहीही असो. यासाठी ४० सोडून एखादा मोकळा चॅनेल घ्यावा, नाहीतर तुमची झाडाभोवतीची कसरत सगळ्या महामार्गाला ऐकू जाते. याशिवाय पाण्याची वाट पायी तपासताना, लाकडे आणायला गेलेल्यांशी, मुले सायकलवर भटकत असताना हे संच उपयोगी पडतात.

दूरवर बोलण्यासाठी रिपीटर असतात. उंच डोंगरावरचा रिपीटर एका चॅनेलवर ऐकतो आणि दुसऱ्यावर परत प्रसारित करतो. त्यासाठी १ ते ८ आणि ४१ ते ४८ वर ‘डुप्लेक्स’ चालू करावा लागतो. संच मग बोलताना ७५० किलोहर्ट्‌झ वरच्या, म्हणजे ३१ ते ३८ किंवा ७१ ते ७८ या जोडचॅनेलवर जातो. त्यामुळे रिपीटरच्या परिसरात हे वरचे चॅनेल गप्पांसाठी घेतले तर दुसऱ्यांचे बोलणे अडते. ५ आणि ३५ ची जोडीही अशीच आहे. आणीबाणीच्या चॅनेलवर कोणी ऐकत असेलच याची हमी मात्र नसते. आतल्या भागात जाणाऱ्यांनी सॅटेलाइट फोन किंवा ४०६ मेगाहर्ट्‌झचा बीकन, म्हणजे उपग्रहामार्फत संकटाचा इशारा देणारे यंत्र, सोबत ठेवावा. वॉकीटॉकी त्यांची जागा घेत नाही.

बोलण्याची शिस्त साधी आहे. बटण दाबून अर्धा सेकंद थांबावे, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. थोडक्यात बोलावे. संचातल्या ‘टोन’च्या सोयीने दुसऱ्यांचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, आपले बोलणे मात्र सगळ्यांना ऐकू जाते, तिला खासगी समजू नये.

मेलबर्न-सिडनीतली मराठी कुटुंबेही सुट्टीत भाड्याची कॅरॅव्हॅन घेऊन निघतात. त्यांनी भारतातून किंवा अमेरिकेतून आणलेले वॉकीटॉकी वापरू नयेत. अमेरिकी संच ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्‌झवर चालतात, आणि भारतात २०१८ च्या नियमांनुसार कमी शक्तीच्या संचांना परवान्यातून सूट मिळते ती ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झमध्ये. यातले काहीच ऑस्ट्रेलियात चालत नाही. उलट, ऑस्ट्रेलियाचा ४७७ चा संच परतताना भारतात आणून वापरणेही नियमात बसत नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्यामुळे इथेही असे संच घेण्याचा विचार लोक करू लागतील. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकींच्या ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. संच घेताना त्याची फ्रिक्वेन्सी आणि सरकारी मान्यता विक्रेत्याकडून लेखी पाहून घ्यावी.