टाकीच्या तळाचं पाणी

2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात पुण्याच्या आयआयटीएमने, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, सोलापूरच्या ढगांत विमानं नेऊन कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. ती टर्बोप्रॉप विमानं, म्हणजे रॉकेलच्या जातीचं इंधन पिणारी. सेस्ना 172 सारख्या चार आसनी विमानाला मात्र पेट्रोलच लागतं. त्याचं नाव अ‍ॅव्हगॅस 100एलएल. ओळखू यावं म्हणून त्यात निळा रंग मुद्दाम घातलेला असतो.

सेस्नाचे पंख छतावर आणि टाक्या पंखांच्या पोटात. त्यामुळे जुन्या, कार्बुरेटरवाल्या सेस्नात पेट्रोल स्वतःच्या वजनानेच इंजिनाकडे उतरतं, पंप नाही. पायपर चेरोकी या दुसऱ्या छोट्या विमानाचे पंख खाली असतात, म्हणून तिथे इंजिनावर चालणारा पंप आणि जोडीला विजेवरचा दुसरा.

तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल अडखळत येतं, दुसरं पाडलं की सरळ धार लागते. विमानाच्या टाकीतही पेट्रोल बाहेर पडेल तशी हवा आत यावी लागते. त्यासाठी व्हेंटची बारीक नळी असते. कुंभारीण माशीने तिथे मातीचं घर केलं, तर टाकी भरलेली असूनही इंजिन उपाशी मरू शकतं. म्हणून उड्डाणाआधी ती नळी वाकून बघायचीच. सोलापूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या विमानाच्या याच नळीतून पेट्रोल ठिबकताना दिसलं तर नवल नाही: 20 अंशांनी तापलं की 100 लिटरमागे ते साधारण 2 लिटर फुगतं.

खरा शत्रू पाणी. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्याने दव धरतं, झाकणाचं रबर चिरलं असेल तर पाऊस झिरपतो. पेट्रोल लिटरला जेमतेम 0.72 किलो, त्यामुळे पाणी तळाशी बसतं आणि इंजिनाकडे आधी तेच निघतं. म्हणून टाक्यांच्या आणि नळ्यांच्या सर्वांत खालच्या जागी छोट्या तोट्या असतात. नव्या सेस्ना 172एस मध्ये तब्बल 13. वैमानिक पारदर्शक पेल्यात थोडं पेट्रोल काढून उजेडात धरतो. खाली पाण्याचा बिनरंगी थेंब वेगळा दिसतो. पण पेला नुसत्या पाण्यानेच भरला तर? मग दोन थर नाहीत, सगळं एकसारखं नितळ, आणि घाईत डोळा फसतो. मला ही सगळ्यात धोक्याची जागा वाटते. त्यासाठी आधी निळा रंग शोधायचा, वासही घ्यायचा. पाणी निघालं तर पुन्हा पुन्हा काढायचं. तरी येतच राहिलं, तर विमान त्या दिवशी जमिनीवरच.