व्हीटेक म्हणजे टर्बो नव्हे, भावा

जुनी होंडा सिटी व्हीटेक विकायला निघाली की जाहिरातीत हमखास लिहिलेलं असतं, ‘टर्बोसारखा पिकअप’. बघायला येणारा तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमवर (मिनिटाला इंजिनाच्या फेऱ्या) ॲक्सिलरेटर दाबतो. काही होत नाही. मग ‘व्हीटेक गेलाय हिचा’ म्हणून भाव पाडून मागतो आणि विकणारा घाबरून कबूलही होतो. गाडी ठणठणीत असते, दोघांची समजूत तेवढी चुकलेली असते. हा गोंधळ ऐकून कान किटले, म्हणून एकदा नीट लिहितो. व्हीटेक म्हणजे इंजिनात हवा घेणाऱ्या झडपा वेगानुसार कमी-जास्त उघडायची होंडाची युक्ती.

टर्बो समजावत बसत नाही. आपल्याकडं घरटी एक डिझेल गाडी आहे आणि बोनेटखाली तो आहेच. एक्झॉस्टच्या धुरावर फिरणारी टर्बाइन, तिच्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला हवा दाबणारा पंखा. हवा जास्त कोंबली की इंधन जास्त जळतं, जोर वाढतो. घाट चढून आल्यावर लगेच इंजिन बंद करू नये, ऑइलला कंजुषी करू नये, हे उसाच्या सीझनला गाडी मारणाऱ्या पोरालाही माहीत असतं. पुढं जाऊ.

व्हीटेकमध्ये हवा कोंबणारं काहीच नसतं. ना टर्बाइन, ना पंखा, ना दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलर. इंजिन आपली हवा आपणच ओढतं, अगदी साध्या मारुतीसारखं. फरक आहे तो ती ओढायला किती वेळ मिळतो यात, आणि सगळी गंमत इथंच आहे.

३,००० आरपीएमवर पिस्टनला वरून खाली यायला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. ६,००० वर त्याच्या निम्मा. हवेलाही वजन असतं, दार उघडलं म्हणून ती एका झटक्यात आत येत नाही. त्यामुळं वेगात फिरणाऱ्या इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत घेणाऱ्या झडपा) जास्त उंच उघडावे लागतात आणि जास्त वेळ उघडे ठेवावे लागतात. पण तसं करणारा कॅम (झडपा उघडणारा उंचवट्यांचा दांडा) कायमचा घातला तर इंजिन सावकाश फिरताना आत आलेली हवा पिस्टन वर चढताना परत बाहेर ढकलली जाते. आयडलिंगला गाडी थरथरते, पेट्रोल पिते, दसरा चौकातल्या ट्रॅफिकमध्ये डोकं उठवते. उलट शहरात गोड चालणारा मवाळ कॅम वरच्या आरपीएमला इंजिनाचा श्वास कोंडतो. रस्त्यावरच्या गाडीत म्हणून मधला काहीतरी कॅम घालायची पद्धत होती, दोन्हीकडं थोडं थोडं नुकसान सोसून.

होंडानं एकाच कॅमशाफ्टवर दोन्ही प्रकार बसवले. इनटेक व्हॉल्व्हच्या प्रत्येक जोडीसाठी तीन लोब, म्हणजे कॅमचे उंचवटे. बाजूचे दोन मवाळ, मधला उंच. त्यांच्यावर तीन रॉकर, म्हणजे लोबचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत नेणारे दांडे. खालच्या आरपीएमला बाजूचे रॉकर व्हॉल्व्ह हलवतात आणि मधला नुसताच वर-खाली होत राहतो, त्याला काम नसतं. ठरलेल्या आरपीएमच्या वर गेलं, इंजिन गरम असलं आणि ॲक्सिलरेटर पुरेसा दाबलेला असला की गाडीचा कॉम्प्युटर एक सोलेनॉइड (विजेवर चालणारी ऑइलची झडप) उघडतो. इंजिन ऑइलचं प्रेशर रॉकरच्या पोटातली पिन सरकवतं आणि तिन्ही रॉकर एकमेकांत अडकतात. त्या क्षणापासून व्हॉल्व्ह उंच लोबच्या हुकमानं चालतात. आरपीएम उतरलं की प्रेशर जातं, पिन मागं येते, गाडी पुन्हा शहाण्यासारखी वागते. ऑइल ढकलतं ते पिनेला. हवेला कुणीच ढकलत नाही.

आता खरी मेख. टर्बो इंजिनाचा टॉर्कच (फिरवायचा जोर) वाढवतो, प्रत्येक स्ट्रोकचा दणका मोठा करतो. व्हीटेक टॉर्क फारसा वाढवत नाही, वरच्या आरपीएमला तो पडू देत नाही, एवढंच. पण पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. म्हणून साधं इंजिन जिथं दमतं तिथं व्हीटेक तोच टॉर्क हातात धरून आणखी हजारभर आरपीएम पळतं आणि कागदावर पॉवर वाढलेली दिसते. एवढं डोक्यात बसलं तर बाकीचं आपोआप उलगडतं.

पटत नसेल तर सिटीचेच आकडे बघा. भारतात ती १९९८ ला आली. बिनव्हीटेकच्या १.५ ईएक्सआयला १०० हॉर्सपॉवर. २००० मध्ये आलेल्या व्हीटेकला, तेवढ्याच १,४९३ सीसीत, १०६. फरक सहाचा! टर्बो असता तर सहावर भागलं असतं का? आणि ही जास्तीची पॉवर मिळते कुठं, तर पार वर, जिथं आपले बहुतेक ड्रायव्हर कधी जातच नाहीत. तीन हजारावर गिअर टाकायचा आणि ‘होंडाला दम नाही’ म्हणायचं, हे म्हणजे यामाहा आरएक्स हंड्रेड बाइक पॉवरबँडमध्ये, म्हणजे ती जोर दाखवते त्या आरपीएमला, न नेताच तिला नावं ठेवणं झालं.

जपानमध्ये हे दोन रस्ते एकाच वर्षी शेजारी-शेजारी दिसले. १९८९ ला होंडानं इंटेग्रात पहिलं व्हीटेक इंजिन दिलं: १.६ लिटर, टर्बो नाही, १६० हॉर्सपॉवर आणि तीही ७,६०० आरपीएमला. त्याच वर्षी निसाननं आर-३२ स्कायलाइन जीटी-आर काढली: २.६ लिटर, दोन टर्बो, २८०. दर लिटरमागं दोघींचा हिशोब जवळपास सारखाच बसतो, पण चालवायची रीत उलटी. म्हणूनच स्कायलाइनचं कॉम्प्रेशन (पिस्टन हवा किती पट दाबतो ते) ८.५ आणि इंटेग्राचं १०.२. कोंबलेल्या हवेला आधीच जास्त दाबलं तर इंजिन नॉकिंग करतं, म्हणजे इंधन अवेळी पेटून ठोके देतं, आणि न कोंबलेल्या हवेला दाबल्याशिवाय जोर येत नाही. माझा कौल विचाराल तर इंटेग्राला. पायाखाली जेवढं दाबाल तेवढंच आणि तेव्हाच मिळतं, टर्बो जागा व्हायची वाट बघावी लागत नाही. जीटी-आरचं नाव घेतल्यावर डोळे पाणावणारे मित्र यावर भांडतात. भांडू देत. कोल्हापुरात यातली कुठलीच सहजासहजी यायची नाही, कारण वापरलेली गाडी आयात करायचा नेहमीचा नियम ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी असा आहे. आपल्या वाट्याला आलेली जुनी जपानी मजा म्हणजे ही सिटी.

फरक अंगाला कळायला वैभववाडीहून करूळ घाट चढून गगनबावड्याला या. चारजण आणि सामान असताना टर्बो डिझेल दोन हजार आरपीएमवर तिसऱ्यात निवांत ओढेल. व्हीटेकला तिथं तिसरा दाखवलात तर ती रुसणार. दुसऱ्यात घ्या, पाच हजाराच्या पुढं ठेवा, आवाज बदलेल आणि गाडी वळणावळणाला उसळेल. आवाज ऐकून मागच्या सीटवरच्या काकू ‘सावकाश रे बाळा’ म्हणतील, त्याला इलाज नाही. इंजिन त्यासाठीच बनवलंय.

व्हीटेक लागला की पाठीत ‘लाथ’ बसलीच पाहिजे, हाही असाच गैरसमज. डबल कॅमच्या (दोन कॅमशाफ्टच्या) इंटेग्रासारख्या गाडीत व्हीटेक इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हीकडं असतो, तिथं आवाज आणि ओढ एकदम बदलते. सिटीचं इंजिन सिंगल कॅमचं, व्हीटेक फक्त इनटेकला. तिथं बदल हळूच होतो. लाथ जाणवली नाही म्हणजे बिघाड नव्हे, जोडणी चांगली आहे.

गोंधळात होंडानंही भर घातली आहे. २०१५ च्या सिव्हिक टाइप-आरमध्ये दोन्ही एकत्र आले आणि नंतर ‘व्हीटेक टर्बो’ असं नावच रूढ झालं. दोन वेगळ्या गोष्टी एका इंजिनात आहेत, एवढाच त्याचा अर्थ. आणि २००३ ची डॉल्फिन सिटी आली ती आय-डीएसआय इंजिन घेऊन, ७७ हॉर्सपॉवरची. अशा आय-डीएसआय सिटीच्या डिकीवर व्हीटेकचा बिल्ला चिकटवलेला दिसला तर हसा आणि पुढं चला.

घेताना मग काय बघायचं? बिल्ला नाही, हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग. व्हीटेकच्या हेडला डिस्ट्रिब्यूटरच्या (स्पार्क प्लगना वीज वाटणाऱ्या भागाच्या) बाजूला सोलेनॉइड असतो, त्याला वायर गेलेली दिसते. ईएक्सआयला तो नसतो. आरसी बुकातल्या सीसीवरून १.३ ओळखता येते, पण ईएक्सआय आणि व्हीटेक तिथं सारख्याच. मग इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, कारण थंड असताना व्हीटेक लागतच नाही. कागलच्या बाजूला हायवे मोकळा मिळाला की दुसऱ्यात लाल रेषेजवळपर्यंत एक सलग ओढ द्या. वर जाऊन श्वास कोंडल्यासारखी सपाट झाली तर शंका घ्या. पण लगेच ‘इंजिन खोलायला लागेल’ ऐकून घेऊ नका. आधी डिपस्टिक बघा. ऑइल कमी असलं की प्रेशर नाही, प्रेशर नाही की पिन सरकत नाही. मग सोलेनॉइड काढून त्याच्या गास्केटमधली बारीक जाळी बघा. वर्षानुवर्षं काळं ऑइल फिरवलेल्या गाडीत ती गाळानं बुजलेली असते. जाळी साफ, नवं गास्केट, आणि मेलेला व्हीटेक जिवंत.

टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटीचा, आवाज दाबायला जाडजूड ऑइल ओतणारे मिस्त्री मला अजिबात खपत नाहीत. या इंजिनाचे टॅपेट स्क्रूनं सेट होतात, इंजिन थंड असताना, फट मोजायची पातळ पट्टी (फीलर गेज) लावून. तासाभराचं काम आहे. ते टाळून जाड ऑइल घातलं की आवाज दबतो, पण त्या बारीक वाटांतून ऑइलच वेळेवर पोचत नाही. हँडबुकात सांगितलेल्या ग्रेडचंच घाला आणि वेळेवर बदला. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल तर बदललाच नाही असं धरा. तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हला भेटतो आणि हेड दुरुस्तीला उद्यमनगरात पोचतं.

राहता राहिले ‘माझ्या ईएक्सआयला व्हीटेक बसवून द्या’ म्हणणारे. हेड, कॅम, कॉम्प्युटर, वायरिंग, सगळं बदलावं लागतं. अख्खं इंजिन बदललंत तर आरटीओत नवा इंजिन नंबर चढवायचं काम वेगळंच. एवढं करून हाती सहा हॉर्सपॉवर. त्या पैशात चार चांगले टायर, नवे शॉकॲब्झॉर्बर आणि ब्रेकचं पूर्ण काम होतं, आणि ईएक्सआयही मुळात वाईट गाडी नाही.