मधुमेह आणि स्त्रियांचे लैंगिक स्वास्थ्य

मधुमेह असलेल्या स्त्रीची कामेच्छा, उत्तेजना, योनीचा ओलावा व कामतृप्ती यांत होणारे बदल, तसेच संबंधाच्या वेळचे दुखणे आणि वारंवार होणारा योनिदाह यांचा विचार या विषयात होतो. मधुमेही पुरुषाच्या लैंगिक तक्रारींवर वैद्यकात विपुल लेखन आहे. स्त्रियांविषयीचे लेखन उशिरा सुरू झाले आणि अजून अपुरे आहे.

कारणांविषयी मतभेद आहेत. अमेरिकी लैंगिकता-संशोधक डॉ. रॉबर्ट कोलॉड्नी यांच्या १९७१ च्या अभ्यासात १२५ मधुमेही स्त्रियांपैकी ३५.२ टक्के जणींना आधीच्या वर्षभरात कामतृप्ती मुळीच लाभली नव्हती. मधुमेह नसलेल्या १०० जणींत हे प्रमाण ६ टक्के होते. मज्जातंतू व सूक्ष्म रक्तवाहिन्यांची हानी हे पुरुषांच्या बाबतीतले स्पष्टीकरण स्त्रियांनाही लावले जाते. मात्र १९८७ मधील एका तुलनेत प्रकार २ चा (बहुधा प्रौढपणी होणारा) मधुमेह असलेल्या स्त्रियांवर परिणाम ठळक, तर प्रकार १ चा (बहुधा लहान वयात सुरू होणारा, इन्सुलिन घ्यावेच लागणारा) मधुमेह असलेल्या स्त्रियांवर अल्प आढळला. प्रकार १ च्या रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेणाऱ्या अमेरिकी अभ्यासात (२००९) स्त्रियांच्या तक्रारींशी सर्वांत दृढ संबंध नैराश्याचा दिसला. एचबीए१सीशी (मागील दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणाऱ्या रक्तचाचणीशी) असा सरळ संबंध सर्व अभ्यासांत मिळत नाही. तंतुहानी नाकारता येत नाही. परंतु मनःस्थिती व दांपत्यातील नाते यांना अधिक वजन देणे सयुक्तिक वाटते. केवळ ‘शुगर आणा खाली’ एवढ्या सल्ल्याने स्त्रीचे गाऱ्हाणे ऐकले गेले असे होत नाही.

बुरशीजन्य योनिदाहाचे कारण अधिक स्पष्ट आहे. रक्तातील व लघवीतील वाढलेली साखर कॅन्डिडा बुरशीला पोषक ठरते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारखी औषधे साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे त्यांच्या वापरात हा त्रास वाढतो. औषध सुरू करतानाच तसे सांगायला हवे.

इंदूरच्या मराठी घरांत आजाराचे नाव ‘शुगर’. खाज, आग, ‘अंगावर पांढरं जाणं’ एवढे घरात बोलले जाते, तेही बहुधा बाईबाईत. दवाखान्यातले बोलणे मात्र पुष्कळदा हिंदीत होते आणि ‘सफेद पानी’च्या पुढे जात नाही. कोरडेपणा किंवा इच्छा न होणे यांसाठी सासूसुनांच्या बोलीत उघड शब्दच नाही. म्हणून विचारण्याची जबाबदारी डॉक्टरांची, आणि प्रश्न एकांतात विचारलेला बरा.

उपचार तक्रारीनुसार ठरतात : बुरशीनाशक औषधे, नैराश्यावर उपचार, रजोनिवृत्तीनंतर योनीत लावायचे इस्ट्रोजेन, कोरडेपणासाठी पाण्यावर आधारित वंगण. घरात सहज हाताशी येणारे खोबरेल तेल लेटेक्सच्या निरोधाला कमकुवत करते, म्हणून निरोध वापरताना ते टाळावे. इन्सुलिन घेणाऱ्या स्त्रीची साखर संबंधानंतर, श्रमामुळे, उतरू शकते. आधी तपासून घ्यावी आणि गोड काहीतरी उशाशी ठेवावे.