हीटर, रॉड अन् गाडीची बॅटरी : बिलासोबतचा हा कागद फेकू नका

नमस्कार भाऊ, ताई, काका, काकू.

आपल्या नागपुरात कसं राहते, वर्षभर कुलर न पंख्याचंच बोलणं, न डिसेंबरात अधिवेशन भरलं की एकदम माळ्यावरचा हीटर खाली येते. थंडी आपल्याकडे पडत नाही असं कोणी म्हणू नये, २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ डिग्रीवर गेला होता. आमचं काम बॅटरी, चार्जर न इन्व्हर्टरचं, पण हिवाळा लागला की लोक वितळलेल्या पिना न काळे पडलेले बोर्ड पण घेऊन येतात, म्हणून म्हटलं रोज तेच तोंडानं सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच देऊ.

पहिले हीटर. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळपास ८.७ अँपियर खाते, न १५०० वॅटचा पाण्याचा रॉड पण साडेसहा. न आपण लावतो कुठं, तर मोबाईल चार्ज करतो त्या ६ अँपियरच्या बोर्डात, वरून एक्स्टेंशन, त्यात टीव्ही पण. चालते ना, पंधरा दिवस आरामात चालते, पण पिन जिथं ढिली बसली तिथं आतून तापत राहते, न करंट दुप्पट झाला की तिथली गरमी दुप्पट नाही, चौपट होते. हीटर अन् गीझर १६ अँपियरच्या मोठ्या पॉवर प्लगमध्येच लावा, भिंतीत, एक्स्टेंशन न लावता. पंधरा-वीस मिनिटांनी हीटर बंद करून पिन काढून हात लावून पाहा. चटका बसला तर सॉकेट बदलायचं, टेप मारायची नाही. न एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारं बोर्डातलं बटन) सारखी पडते म्हणून वायरमनला "मोठी टाकून दे" म्हणू नका बाप्पा, वायर तीच जुनी असली तर मग एमसीबी पडणार नाही, वायर जळेल.

गोदडी, पडदा, सोफा हीटरपासून तीन फूट दूर. त्यावर मोजे वाळवणं बंद. रॉड पाण्यात टाकल्यावरच बटन चालू, न बंद केल्यावरच बाहेर, पाणी गरम झालं का हे बोट बुडवून पाहायचं नाही. शेगडी पेटवून दार लावून तर झोपूच नका, आग लागली नाही तरी कार्बन मोनॉक्साईड जीव घेते न त्याला वासच नसते.

आता बॅटरी, म्हणजे आमचा खरा विषय. लोक विचारून राहिले की थंडीत लिथियम बॅटरी फुटते का. नाही हो. शून्याच्या खाली चार्ज केली तर ती आतून खराब होते हे खरं, पण आपल्याकडं पारा तेवढा उतरत नाही, आपला दुश्मन मे महिना. थंडीत इलेक्ट्रिक गाडी थोडी कमी पळते एवढंच, त्यासाठी एका गिऱ्हाईकानं बॅटरीचा पॅक हीटरसमोर शेकायला ठेवला होता, नशीब चांगलं म्हणून फक्त कव्हर वाकलं.

खरी गडबड चार्जरमध्ये आहे. बॅटरीवर "४८ व्होल्ट" लिहिलं, चार्जरवर पण "४८ व्होल्ट" लिहिलं, पिन पण बरोबर बसली, म्हणजे झालं असं वाटते. पण लिथियम बॅटरीच्या एका प्रकारात १३ सेल राहतात, प्रत्येक ४.२ व्होल्टपर्यंत, म्हणजे फुल झाल्यावर ५४.६. दुसरा प्रकार एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, त्यात १६ सेल, प्रत्येक ३.६५, म्हणजे ५८.४. हा दुसरा चार्जर पहिल्या बॅटरीला लावला तर एकेक सेल साडेचारपर्यंत ढकलला जाते. आतलं बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, चार्जिंग कापून टाकते, जर ते चांगलं असलं तर, न स्वस्तातल्या पॅकमध्ये ते कसं राहते हे आम्ही उघडून रोज पाहतो. म्हणून शेजाऱ्याचा चार्जर मागू नका, जुना जळाला तर मागचं स्टिकर वाचून घ्या, "आउटपुट" समोरचा आकडा महत्त्वाचा.

गाडी चालवून आल्याबरोबर चार्जिंगला नाही लावायची, अर्धा तास थंड होऊ द्या. घरात चार्ज करायचीच असली तर जागे असताना, न दारासमोर किंवा जिन्याखाली नाही, कारण पेटली तर बाहेर पडायची वाटच तिथून राहते. पलंगावर, उशीवर तर मोबाईल पण नको.

पॅक फुगला, गोडसर उग्र वास आला, फुसफुस आवाज आला, की तो चार्जिंगला लावायचा नाही. नुसता फुगला असेल तर मोकळ्या जागी ठेवून आम्हाला फोन करा. धूर निघाला तर मात्र उचलायला जाऊ नका, सगळ्यांना बाहेर काढा, दार ओढून घ्या न १०१ किंवा ११२ लावा. तो धूर विषारी राहते, न विझलेला पॅक काही तासांनी परत पेटू शकते, म्हणून विझला म्हणून घरात आणायचा नाही.

इन्व्हर्टरची पाणीवाली बॅटरी वेगळी, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघते, तिला बंद कपाटात कोंडू नका न तिच्या बाजूला देवाचा दिवा नको.

जुने सेल कचरा गाडीत टाकू नका, दाबल्या गेले की गाडीतच पेटतात. आमच्याकडं आणून द्या, दुकानाच्या बाहेर पत्र्याचा डबा ठेवला आहे. बॅटरी तपासायला आणाल तर चार्जर पण आणा, अर्धे लोक तोच घरी विसरून येतात.