विडंबन म्हणजे टिंगल नव्हे

‘ॲक्शनपटांची खिल्ली उडवणारे विनोदी सिनेमे त्या सिनेमांचा कंटाळा आलेल्यांसाठीच असतात,’ हे मी दादरच्या प्लाझाबाहेर कितीदा तरी ऐकलंय. ते खरं नाही.

‘हॉट शॉट्स!’ हा १९९१ चा सिनेमा ‘टॉप गन’ (१९८६) वर बेतलेला. वैमानिकांचा तोरा, सूर्यास्ताचं नारिंगी ऊन, मोटरसायकल हे सगळं ज्यानं मनापासून पाहिलंय, त्यालाच त्यातली गंमत पुरती कळते. ‘एअरप्लेन!’च्या (१९८०) कर्त्यांनी तर १९५७ च्या ‘झीरो अवर!’ या गंभीर विमानपटाचे हक्क रीतसर विकत घेतले आणि कथाच नव्हे, कित्येक संवादही जवळजवळ जसेच्या तसे ठेवले. नावडत्या गोष्टीवर कोण एवढे पैसे आणि कष्ट घालवेल?

दुसरा गैरसमज अभिनयाबद्दल: अशा सिनेमात नट विनोदीच हवा. ‘एअरप्लेन!’मधला लेस्ली नीलसन तोवर गंभीर भूमिकांसाठीच ओळखला जायचा, आणि म्हणूनच त्याला घेतलं. तो डोळे मिचकावत नाही, हसत नाही; विमानात माणसं मरणार आहेत अशा चेहऱ्यानं वेडगळ वाक्य बोलतो. माझ्या मते सगळी जादू तिथेच आहे. आपल्याकडेही आचार्य अत्र्यांना ‘झेंडूची फुले’मधली विडंबनं लिहिता आली, कारण रविकिरण मंडळाची कविता त्यांना बारकाव्यांसकट ठाऊक होती.